रुमाल, सीडी आणि गावातली आठ माणसं

गेल्या वर्षी वाचनालयाचं कपाट आवरताना एक सीडी सापडली. वर स्केचपेननं लिहिलेलं : 'दि. अंक २००३ फायनल नवीन'. आमच्या गावानं हौसेनं काढलेला तो एकुलता एक दिवाळी अंक. तीनशे प्रती छापल्या होत्या, त्यातली एकही आता कुणाच्या घरी मिळत नव्हती. त्यामुळे सीडी फिरायला लागली तेव्हा आम्ही चक्क टाळ्या वाजवल्या. टाळ्या जरा लवकर झाल्या.

सीडी चालली ती एकाकडे जुना, सीडी ड्राइव्हवाला लॅपटॉप होता म्हणून. आतली फाईल निघाली पेजमेकरची. छपाईची पानं जुळवायच्या या सॉफ्टवेअरची शेवटची आवृत्ती २००१ सालची, त्यानंतर अडोबी कंपनीनं ते पुढे नेलंच नाही. पण लग्नपत्रिका छापणाऱ्या प्रेसांमध्ये ते अजून धडधाकट आहे. तिथल्या डीटीपीवाल्या काकांनी फाईल उघडून दिली. चौकटी जागच्या जागी, कोपऱ्यातली पणत्यांची नक्षी जागच्या जागी, आणि मजकुराच्या जागी टोप्या घातलेली परदेशी अक्षरं, डॉलरची चिन्हं, उलटी प्रश्नचिन्हं. काका म्हणाले, "फॉन्ट नाही ना!" कुठला फॉन्ट होता हे ज्याला ठाऊक, तो ऑपरेटर गाव सोडून गेलेला. त्याचा नंबर मिळवण्यात आठवडा गेला. त्यानं नाव सांगितलं, फॉन्ट मिळाला, मराठी दिसायला लागली.

आणि मग शेवटची अडचण. नवव्या पानावरच्या एका कवितेखाली नुसतं 'स. दे.' एवढंच. मधल्या पानावरच्या फोटोत अकरा माणसं, खाली नाव एकाचंही नाही.

डिजिटल कलाकृती कशा हरवतात याचा सगळा अभ्यासक्रम या एका सीडीत आहे. वस्तू सापडूनही चार वेळा अडलो : वाचणारं यंत्र, उघडणारं सॉफ्टवेअर, अक्षरांची किल्ली आणि माणसांची नावं. दर वेळी सोडवणूक केली ती कुठल्या तरी ओळखीच्या माणसानं. यंत्रानं एकदाही नाही.

माळ्यावर टाकून चालत नाही

पेशवाईतले कागद रुमालात बांधून ठेवत. त्या फडक्याच्या गाठोड्यालाच रुमाल म्हणायचं. असे रुमाल लोकांच्या माळ्यांवर पिढ्यानपिढ्या पडून राहिले, आणि विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गावोगाव फिरून ते मागायला लागले तेव्हाही त्यातले बरेचसे वाचण्यासारखे होते. वाळवी लागली, कडा कुरतडल्या गेल्या, तरी मधला मजकूर राहिला. कागद दुर्लक्ष सोसतो. अर्धा फाटला तरी उरलेला अर्धा बोलतो.

फाईलचं तसं नसतं. घरी लिहिलेल्या सीडीवरचा रंगाचा थर उन्हानं आणि दमट हवेनं विटतो. पेन ड्राइव्हमध्ये माहिती विजेच्या भाराच्या रूपात साठलेली असते. वर्षानुवर्षं न वापरता ठेवला तर तो भार झिरपून जातो. हार्ड डिस्क म्हणजे फिरणारं यंत्र, ते कधीतरी थांबणारच. आणि फाईल बिघडते तेव्हा बहुतेक वेळा कडा कुरतडल्यासारखी बिघडत नाही. सुरुवातीचे थोडे आकडे गेले तरी अख्खी फाईल उघडायचं नाकारते.

म्हणून डिजिटल जतन म्हणजे 'ठेवणं' असं समजलं की घोटाळा होतो. ते देवघरातल्या नंदादीपासारखं आहे. तेल घालणारं कुणीतरी रोज नसलं तरी ठरल्या दिवशी लागतं. दर पाच-सहा वर्षांनी नव्या डिस्कवर उतरवणं, जुन्या फॉरमॅटमधून नव्यात नेणं, प्रत शाबूत आहे का ते पाहणं. एक माणूस हे आयुष्यभर करू शकत नाही. त्याची बदली होते, कंटाळा येतो, डोळ्यांना दिसेनासं होतं. मंडळी लागतात.

कंपन्या ठेवतील, सरकार ठेवेल

हा समज दोन्हीकडून फसवा आहे. मायस्पेस या संकेतस्थळावर लाखो हौशी गायक-वादकांनी आपली गाणी चढवली होती. २०१९ मध्ये कंपनीनं कळवलं की सर्व्हर हलवताना २००३ ते २०१५ या काळातलं संगीत गेलं. अंदाज पाच कोटींहून जास्त गाण्यांचा होता. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झालं, गूगल प्लस २ एप्रिल २०१९ रोजी. त्यांच्यावरच्या मराठी कम्युनिट्यांमध्ये कविता, विडंबनं, चारोळ्यांच्या भेंड्या असं किती काय होतं, ते आता ज्यानं त्यानं आठवायचं.

आपल्याकडचा सगळ्यात मोठा फटका मात्र २९ जून २०२० चा. सरकारनं ५९ चिनी अ‍ॅपांवर बंदी घातली, त्यात टिकटॉक होतं. निर्णय बरोबर की चूक हा वाद वेगळा. पण शेताच्या बांधावर, एसटी स्टँडवर, स्वयंपाकघरात उभं राहून आपल्या बोलीत अभिनय करणाऱ्या महाराष्ट्रातल्या पोरापोरींचं काम अक्षरशः एका रात्रीत दिसेनासं झालं. अनेकांनी थेट अ‍ॅपमध्येच शूटिंग आणि एडिटिंग केलेलं, मूळ क्लिपा फोनमध्ये नव्हत्याच. खानदेशी, वऱ्हाडी, मालवणी बोलींचा एवढा ताजा नमुना भाषेच्या अभ्यासकाला दुसरीकडे सहज मिळाला नसता. तो कुठल्याच ग्रंथालयानं मागितला नव्हता.

मागायला कायदाही नाही. १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशकानं छापलेल्या पुस्तकाची प्रत चार ग्रंथालयांना द्यायची असते : कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचं कॉनेमारा, दिल्ली पब्लिक लायब्ररी आणि मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय. तो कायदा छापील गोष्टींचा. फक्त नेटवर निघालेला दिवाळी अंक, ई-पुस्तक, पॉडकास्ट, अ‍ॅनिमेशन यांची प्रत सांभाळणं हे कुणाचंच कर्तव्य नाही. मग ते आपोआप ज्याचं त्याचं होतं, म्हणजे कुणाचंच होत नाही.

"माझं सगळं गूगल ड्राइव्हवर आहे" असं सांगणाऱ्यांसाठी एक गोष्ट. दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती पुसण्याचं धोरण गूगलनं डिसेंबर २०२३ पासून लागू केलंय. मंडळाचा सगळा ऐवज एका सेक्रेटरीच्या जीमेलवर असेल आणि सेक्रेटरी वारले असतील, तर हा हिशोब स्वतःच मांडून पाहा.

प्रती, आणि त्यांची पडताळणी

सातशे वर्षांपूर्वी महानुभावांवर हीच वेळ आली होती. चक्रधरस्वामींच्या आठवणी म्हाइंभटांनी शिष्यांकडे हिंडून हिंडून गोळा केल्या आणि त्यातून लीळाचरित्र झालं. पुढे यादवांच्या पाडावाच्या धामधुमीत मूळ पोथी लुटली गेली. पंथातल्या लोकांनी ज्याला जे पाठ होतं ते सांगून ग्रंथ पुन्हा उभा केला. त्याचे निरनिराळे 'पाठ', म्हणजे मजकुराची वेगवेगळी रूपं, आज दिसतात ती त्यामुळेच. प्रत गेली, पण पाठ असलेली माणसं एकाहून जास्त होती म्हणून ग्रंथ वाचला.

गंमत अशी की याच पंथानं आपल्या पोथ्या सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवल्या. सकळ लिपी हे त्यातलं मुख्य नाव. एका अक्षराच्या जागी दुसरं अक्षर. पोथ्या मठांतून सुखरूप होत्या, पण बाहेरच्या जगाला त्या वाचता येईपर्यंत विसावं शतक उजाडलं. आमच्या दिवाळी अंकाच्या फॉन्टचा प्रकार नेमका हाच होता.

तो जरा समजून घेऊ. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक असतो. फॉन्ट कुठलाही लावा, 'क' हा 'क'च राहतो. त्याआधीच्या मराठी फॉन्टांनी इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर मराठी आकार बसवले होते, आणि प्रत्येक कंपनीनं आपापल्या पद्धतीनं. कॉम्प्युटरच्या लेखी तिथं मराठी नव्हतीच, इंग्रजी चिन्हांना मराठी मुखवटा चढवलेला. मुखवटा काढला की डॉलर आणि टोप्या. शिवाय ही अक्षरं डोळ्यांना दिसतात त्या क्रमानं साठवलेली. 'किल्ला' मधली पहिली वेलांटी आधी, मग क. 'वर्ग' मधला रफार ग नंतर. नुसती अक्षरामागे अक्षर बदलणारी युक्ती वापरली तर 'िकल्ला' असं काहीतरी हाती येतं. फॉन्ट बदलणारे चांगले कन्व्हर्टर वेलांटी उचलून अक्षरानंतर नेतात, रफार अक्षराआधी आणतात, अर्धी अक्षरं जोडतात. तरीही नंतर डोळ्यांत तेल घालून वाचावं लागतंच. जुन्या अंकांच्या ज्या पीडीएफ दिसायला झकास आहेत, त्यांतला एखादा शब्द शोधून पाहा. बऱ्याचदा एकही सापडत नाही, कारण आत अजून तोच मुखवटा आहे.

प्रतींकडे परत येतो. नुसत्या जास्त प्रती काढून भागत नाही, कारण प्रतींमध्ये फरक पडत जातो. एकनाथांच्या काळापर्यंत ज्ञानेश्वरीच्या हस्तलिखितांत इतके पाठभेद शिरले होते की त्यांनी प्रती ताडून पाहिल्या आणि शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, शुद्ध प्रत सिद्ध केली. वर दम भरला की यात कुणी आपली ओवी घुसडली तर ते अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे करवंटी, ठेवण्यासारखं होईल.

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात १९९९ पासून चाललेला 'लॉक्स' नावाचा प्रकल्प हेच काम यंत्राकडून करवून घेतो. विद्वत्पत्रिका, म्हणजे संशोधकांची नियतकालिकं, नेटवर यायला लागल्या तेव्हा ग्रंथालयांना प्रश्न पडला की प्रकाशक बुडाला तर वाचकांना दाखवायचं काय. त्यावर विकी राइश आणि डेव्हिड रोझेन्थल यांनी काढलेला मार्ग असा : प्रत्येक ग्रंथालयानं आपली प्रत आपल्याकडे ठेवायची, आणि त्यांच्या कॉम्प्युटरांनी अधूनमधून एकमेकांना विचारायचं, "माझ्याकडचं पान असं आहे, तुझ्याकडचं कसं?" एकाचं उत्तर बाकीच्यांपेक्षा वेगळं आलं तर त्याची प्रत बिघडली असं धरून चांगल्या प्रतीवरून ती दुरुस्त करायची. मतदानच म्हणा ना.

अख्खं पान पाठवावं लागत नाही. प्रत्येक फाईलमधून गणितानं एक खूण काढता येते. शा-२५६ या पद्धतीत ती ६४ अक्षरांची असते. कादंबरी असो वा तीन तासांचं नाटक, खूण तेवढीच. पण फाईलमध्ये एक स्वल्पविराम बदलला तरी खूण ओळखू न येण्याइतकी बदलते. ती काढणारे प्रोग्रॅम फुकट आहेत. पहिल्या दिवशी सगळ्या फाईलींच्या खुणांची यादी करून ठेवली की पुढे दर वेळी नवी यादी जुनीशी ताडायची. किराणा दुकानदार रात्री गल्ल्याची बेरीज वहीशी जुळवतो तसंच.

प्रती किती असाव्यात याचा एक सोपा आडाखा अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केला : तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक गावाबाहेर. 'गावाबाहेर' हा शब्द कोकणात आणि कृष्णाकाठी कुणाला समजावून सांगावा लागत नाही. चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ पासूनचं. २२ जुलै २०२१ च्या महापुरात तिथंही पाणी शिरलं, २००५ मध्येही शिरलं होतं. एकाच नदीच्या काठावर ठेवलेल्या दोन प्रती ही एकच प्रत धरायची.

इंटरनेट आर्काइव्ह ही सॅन फ्रान्सिस्कोची संस्था १९९६ पासून जगाची संकेतस्थळं, पुस्तकं, ध्वनिफिती साठवते आहे आणि आपल्यासारख्यांना तिथं फुकट जागा मिळते. जरूर घ्यावी. पण ऑक्टोबर २०२४ मध्ये तिच्यावर सायबर हल्ला झाला तेव्हा ती काही दिवस बंद होती, हेही ध्यानात ठेवावं. तिसरी प्रत म्हणून ती उत्तम. एकुलती प्रत म्हणून कुणीच उत्तम नसतं.

जात्यावरून डेटाबेसपर्यंत

माणसांच्या गोतावळ्यानं केलेल्या जतनाचं महाराष्ट्रातलं सगळ्यात मोठं उदाहरण जात्यावरच्या ओव्यांचं आहे, आणि ते पुरेसं सांगितलं जात नाही. हेमा राईरकर आणि गी पॉयत्वाँ हे दोघं पुण्याजवळच्या डोंगराळ भागात गरीब डोंगरी संघटनेचं काम करत होते. बायकांशी बोलता बोलता त्यांना दिसलं की पहाटे दळताना गायलेल्या ओव्यांमध्ये या बायका माहेर, सासर, दुष्काळ, जात, विठोबा आणि बाबासाहेब या सगळ्यांवर आपलं मत मांडून बसल्या आहेत. गावोगावी पिठाच्या गिरण्या येत होत्या. जातं थांबलं की ओवीही थांबणार.

मग गावातल्याच कार्यकर्त्यांनी, त्यात बायाच पुष्कळ, वह्या घेऊन ओव्या उतरवायला सुरुवात केली. हजाराहून जास्त गावं, तीन हजारांहून जास्त बाया आणि एक लाखाहून जास्त ओव्या. नंतर संगणकाचं गणित आणि संगीत दोन्ही जाणणारे बर्नार्ड बेल त्यांच्याबरोबर आले, ध्वनिमुद्रणं झाली, डेटाबेस झाला. २००४ मध्ये पॉयत्वाँ गेले, २०१० मध्ये हेमाताई गेल्या. इथं काम संपायला हवं होतं, जगभर असं काम इथंच संपतं. पण पुढे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया म्हणजे 'पारी'नं ते हाती घेतलं आणि २०१७ पासून ओव्या लोकांसमोर आणायला सुरुवात केली.

हे हस्तांतर जमलं कशामुळे? माझ्या मते एका कंटाळवाण्या सवयीमुळे. ओवीबरोबर गाणारणीचं नाव, गाव आणि विषय नोंदलेला होता. त्यामुळे कितीतरी वर्षांनी 'पारी'ची माणसं त्याच गावात जाऊन त्याच बाईला, किंवा तिच्या लेकीसुनेला भेटू शकली, फोटो आणि व्हिडिओ घेऊ शकली. नुसत्या लाख ओव्या असत्या तर 'लोकगीत, कर्ता अज्ञात' म्हणून फाईल बंद झाली असती.

आपल्या व्हॉट्सअ‍ॅपवर रोज नेमकं उलट चालतं. कविता पुढे जाते, नाव मागे राहतं. चार फॉरवर्डांनंतर तीच कविता पु. लं.च्या नाहीतर वपुंच्या नावावर परत येते. फोटो पाठवला की त्याचा आकार दाबला जातो आणि कधी, कुठल्या कॅमेऱ्यानं काढला ही फाईलच्या पोटातली माहितीही गळून पडते. म्हणून जतनासाठी मागाल तेव्हा "व्हॉट्सअ‍ॅपवर टाका" म्हणू नका. पेन ड्राइव्ह घेऊन घरी जा, चहाही मिळतो.

आठ माणसं

महाराष्ट्रात सरकारमान्य सार्वजनिक ग्रंथालयं अकरा हजारांहून जास्त आहेत, अ, ब, क, ड वर्गांत विभागलेली. बऱ्याच ठिकाणी वर्तमानपत्र वाचणारे चार आजोबा आणि एक पंखा एवढंच चित्र असतं. पण खोली आहे, कुलूप आहे, वीज आहे, नोंदवही ठेवण्याची सवय आहे. नवी संस्था काढून नोंदणीच्या फेऱ्या मारण्यापेक्षा इथंच एक कपाट मागावं.

आमच्याकडे आठ जणांवर गाडी चालली आहे आणि त्यातल्या तिघांनाच कॉम्प्युटर नीट येतो. डीटीपीवाले काका जुन्या फाईली उघडतात. लग्नाचं शूटिंग करणाऱ्या दादाकडे जुना व्हीसीआर आणि कॅमेरे आहेत. ही माणसं सोन्याची, कारण व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या कंपनीनं, जपानच्या फुनाईनं, ते बनवणं २०१६ मध्येच थांबवलं. अमेरिकेतल्या मराठी मंडळांच्या नाटकांच्या कॅसेटी गावच्या घरांतून अजून निघतात, पण त्या तिकडच्या एनटीएससी पद्धतीच्या, आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या साध्या व्हीसीआरवर धड दिसत नाहीत. तिथं दादाच लागतो. इंजिनीअरिंगला असलेली एक मुलगी खुणांची यादी आणि प्रती बघते. शाळेतल्या बाई मुद्रितं तपासतात. ग्रंथपाल नोंदी ठेवतात. खजिनदार आहेत, गावाबाहेरची प्रत सांभाळणारा पुण्यातला भाचा आहे.

आणि आठवे, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचे, निवृत्त पोस्टमन तात्या. त्यांना कॉम्प्युटरची भीती वाटते. पण गावातल्या तीन पिढ्यांचे चेहरे आणि पत्ते त्यांच्या डोक्यात आहेत. आम्ही महिन्यातून एकदा जुने फोटो भिंतीवर मोठे करून लावतो आणि म्हाताऱ्या माणसांना बोलावतो. "ही कोण?" एवढाच प्रश्न. एक नाव निघालं की त्याच्या शेपटाला गोष्ट असते, गोष्टीला भांडण असतं. भांडणही उतरवून घ्यावं, कारण दोन आठवणी जुळत नाहीत ही सुद्धा माहितीच आहे. पुढच्या दहा वर्षांत डिस्का विकत मिळतीलच, ही माणसं मिळणार नाहीत. म्हणून स्कॅनिंगच्या आधी हे.

कुणाच्या घरी जाता यावरही बरंच ठरतं. दिवाळी अंक, नाट्यमहोत्सव, ब्राह्मण आळीतली गाण्याची बैठक यांच्या प्रती मागायला पाय आपोआप वळतात. चौदा एप्रिलला वाजणाऱ्या भीमगीतांच्या स्थानिक कॅसेटी, जलशांची रेकॉर्डिंगं, भारुडं, कोळीगीतं, बँडवाल्यांच्या चालीच्या वह्या या साऊंड सर्व्हिसवाल्याच्या पेटीत आणि वस्तीतल्या घरांत असतात. आठ जण एकाच आळीतले असले तर संग्रहही त्याच आळीचा होतो. हे आमच्या लक्षात यायला वर्ष गेलं, आणि ते दुसऱ्यानं लक्षात आणून दिलं.

सगळं साठवायचा मोह टाळावा. सुप्रभातचे गुलाब जतन करायची गरज नाही. आम्ही एक हद्द आखली : आमच्या गावात तयार झालेलं, किंवा आमच्या गावच्या माणसानं केलेलं, आणि दुसरीकडे न मिळणारं. फॉरमॅट निवडताना जे अनेक प्रोग्रॅम उघडतात ते घ्यायचं. मजकूर युनिकोडमध्ये साध्या टेक्स्ट फाईलीत आणि शेजारी पानाचं रूप दाखवणारी पीडीएफ. चित्रं टिफ किंवा पीएनजी. आवाज वेव्हमध्ये, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट स्टिरिओचा एक तास साधारण एक गिगाबाइट होतो. तोच १२८ केबीपीएसच्या एमपी३ मध्ये साठ एमबीच्याही आत बसतो, पण दाबलेला आवाज पुन्हा मूळपदी येत नाही. ऐकायला एमपी३, ठेवायला वेव्ह. मूळ पेजमेकर फाईल, मूळ फॉन्टही टाकायचे नाहीत; उद्या कुणी आपल्यापेक्षा हुशार निघेल.

तसे हुशार निघतातही. वेबवरची कितीतरी हौशी कार्टूनं आणि खेळ फ्लॅश नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये होते. अडोबीनं ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅशला रामराम ठोकला. पण त्याआधीच, २०१८ मध्ये, बेन लॅटिमोर यांनी फ्लॅशपॉइंट नावाचं काम सुरू केलं होतं. देशोदेशीच्या हौशी लोकांनी मिळून एक लाखाहून जास्त खेळ आणि अ‍ॅनिमेशनं अशी गोळा केली की ती आजही चालतात. त्यातल्या बहुतेकांना यातून एक पैसा मिळालेला नाही.

हक्काचं काय?

इथं बरीच मंडळं घाबरून थांबतात, काही अजिबात न घाबरता सगळं नेटवर टाकतात. दोन्ही चूक. भारतीय कॉपीराइट कायदा १९५७ चा. लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतो. म्हणजे १९६५ मध्ये वारलेल्या लेखकाचं लेखन १ जानेवारी २०२६ पासून सगळ्यांचं. ध्वनिमुद्रण आणि चित्रपटांना प्रसिद्धीपासून ६० वर्षं. फोटोंना २०१२ च्या दुरुस्तीपासून लेखनासारखाच, म्हणजे काढणाऱ्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षांचा नियम.

२०१२ च्या दुरुस्तीनं कलम ५२ मध्ये ग्रंथालयांसाठी एक खिडकी उघडली : नफ्यासाठी न चालणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयाकडे एखाद्या कृतीची डिजिटल नसलेली प्रत असेल तर जतनासाठी ती इलेक्ट्रॉनिक रूपात साठवता येते. साठवता येते, वाटता येते असं नव्हे. आणि जी कृती जन्मतःच डिजिटल आहे तिला ही खिडकी लागू पडत नाही. तिथं सरळ परवानगीचं पत्र घ्यावं. आमचं पत्र अर्ध्या पानाचं आहे, तीन चौकटी : 'फक्त जपून ठेवा', 'वाचनालयात येणाऱ्याला दाखवा', 'नेटवर सगळ्यांना द्या'. तिसरी निवडणाऱ्याला क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना समजावतो. सोप्या शब्दांत, 'माझं नाव द्या आणि वापरा'. बहुतेक लोक तिसरीवर खूण करतात, कारण त्यांना आजवर कुणी विचारलंच नव्हतं. एका आजींनी मात्र आपल्या नवऱ्याची पत्रं पहिल्या चौकटीत ठेवली आणि वर सांगितलं, "मी असेपर्यंत उघडायची पण नाहीत." पाकीट बंद आहे. तेही जतनच.

खर्चाबद्दल फार लोक विचारतात म्हणून सांगतो : दोन बाहेरच्या हार्ड डिस्का आणि वापरलेला स्कॅनर मिळून एका बऱ्या मोबाईलपेक्षा कमीत भागलं. गणपतीच्या वर्गणीतून उरलेल्या पैशात. पासवर्ड बंद पाकिटात, दोन वेगळ्या माणसांकडे. कुठल्या डिस्कवर काय आहे हे कागदावर, शाईनं, कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेलं. कॉम्प्युटर बंद पडला की कॉम्प्युटरमधली यादी काय कामाची? फाईलींची नावं वर्षापासून सुरू करायची, '२००३_दिवाळीअंक_पान०९' अशी. 'फायनल नवीन' या शब्दांवर बंदी आहे.

तपासणीचे दिवस आम्ही मुद्दाम वेगळे शोधले नाहीत. १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीला झेंडावंदनाला सगळे येतातच. जिलेबी खाऊन झाली की कपाट उघडायचं, दोन्ही डिस्का लावायच्या, खुणा ताडायच्या. गेल्या १५ ऑगस्टला एक फाईल जुळली नाही, पुण्याच्या प्रतीवरून भरून घेतली. दहा मिनिटांचं काम.

नवव्या पानावरच्या 'स. दे.'चा शोध फोटोंच्या बैठकीत लागला. तात्यांनी मधल्या पानावरच्या अकरांपैकी नऊ जणांची नावं सांगितली आणि डावीकडून तिसऱ्या, खिडकीकडे तोंड करून उभ्या असलेल्या मुलीवर बोट ठेवलं. ती तेव्हा आरोग्य केंद्रात नर्स होती, लग्न होऊन लातूरकडे गेली. फोन केला तेव्हा त्यांनी आधी, "मी कुठं कविता करते?" असं विचारलं, आणि मग सबंध कविता म्हणून दाखवली. छापलेल्या कवितेत दोन ओळी गळलेल्या निघाल्या. आता नोंदीत दोन्ही पाठ आहेत. फोटोतली दोन नावं अजून बाकी आहेत. तात्या म्हणतात, एक चेहरा बहुतेक वरच्या आळीतल्या शिंप्याचा असावा, त्याच्या भावाला पुढच्या बैठकीला बोलावू.